माझा आवाज ताईंना ऐकू आला नाही

कानांवर हात ठेवू नका. आज मी हळू बोलणार आहे.

मी एक गाडी. वय वर्षं बावीस. रंग कागदावर पांढरा, प्रत्यक्षात जुन्या पंच्यासारखा. बनारसला मैदागिनजवळ एका बंद छापखान्याच्या आवारात उभी असते. या भागात मला सगळे ओळखतात, पण कशावरून ओळखतात ते सांगायची लाज वाटते. समोरच्या पानवाल्याला विचाराल तर तो माझा नंबर सांगणार नाही, रंगही सांगणार नाही. "वो चिल्लाने वाली?" एवढंच म्हणेल आणि माझ्याकडे बोट करेल.

माझ्या बॉनेटखाली एक काळा रबरी पट्टा आहे. इंजिनाबरोबर तो फिरतो, आणि त्याच्या जोरावर पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारं यंत्र फिरतं. वर्षभर हा पट्टा किंचाळत होता. म्हणजे मीच किंचाळत होते. पट्ट्यावर ढकलून मला मोकळं व्हायचं नाहीये.

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही जन्मापासूनच अशी भांडकुदळ.

माझे पहिले मालक बँकेत अधिकारी होते. पाच वर्षं त्यांनी मला दर रविवारी धुतलं. मग त्यांची नागपूरला बदली झाली आणि मला विकायला काढलं. बघायला तिघं येऊन गेले. तिघांनीही टायरना लाथा मारून पाहिल्या. चौथ्या आल्या शरदिनीताई. विद्यापीठात गाणं शिकवायच्या. त्यांनी टायरकडे पाहिलंसुद्धा नाही. आत बसल्या, किल्ली फिरवली आणि डोळे मिटून घेतले. चांगली पाच मिनिटं. बँकवाले काका घड्याळ बघायला लागले. मग डोळे उघडून ताई म्हणाल्या, "सुरात आहे. घेते."

मला तोवर कुणी असं म्हटलं नव्हतं. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू?

ताईंचं घर दूधविनायकला. ते मी कधी पाहिलेलं नाही. त्या गल्लीत समोरून बैल आला तर माणसाला ओट्यावर चढावं लागतं, तिथे माझा काय पाड! म्हणून मी इथे मैदागिनला राहते आणि ताई चालत येतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. नोकरी संपल्यावरही मंगळवार-शुक्रवार त्या सिगऱ्याला गाण्याचा वर्ग घेतात. मागच्या सीटवर गवसणीतला मिरजेचा तंबोरा आडवा, आणि पुढे त्यांच्या शेजारी अंतरा.

अंतरा म्हणजे ताईंची शिष्या. वडील रेल्वेत, भुसावळहून बदलून आलेले. चौदाव्या वर्षी ताईंकडे आली, आता तेवीस पूर्ण. बाहेर सगळ्यांशी हिंदी, ताईंशी तेवढं मराठी. तेही भीत भीत, कारण ताई सूर आणि भाषा दोन्हींत चूक खपवून घ्यायच्या नाहीत.

ताईंच्या कानाची गोष्ट मला तुम्हाला सांगितलीच पाहिजे. माझा मिस्त्री सुशांत, बंगाली टोल्यातला, लहरताऱ्याला त्याचं गॅरेज. दहा-बारा वर्षांपूर्वी ताई मला त्याच्याकडे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "सुशांत, यह निषाद कहाँ से आ रहा है? मेरी गाड़ी में निषाद नहीं था." त्याला हसू आलं. पण खाली सरपटत जाऊन बघतो तर सायलेन्सरवरच्या पत्र्याचा एक स्क्रू ढिला. तो आवळला, निषाद गेला. त्या दिवसापासून सुशांत हा किस्सा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. मलाही त्याचा ताठा होता. आपल्या मालकीणबाईंना आपलं स्क्रूएवढं दुखणंही कळतं, हे किती गाड्यांच्या नशिबी असतं?

गेल्या वर्षी पौषात एका धुक्याच्या सकाळी मी पहिल्यांदा किंचाळले. चालू होताना दोन क्षण, बारीक, उंच, चिरका आवाज. मी स्वतःच दचकले. म्हटलं, झालं, आता ताई उतरतील, बॉनेट उघडतील, सुशांतला फोन करतील.

ताईंनी गिअर टाकला आणि निघाल्या.

महिना गेला, दोन गेले. आवाज वाढला. दिवे लावले की ओरडायचे, पंखा लावला की ओरडायचे. आणि ताई शांतपणे तोडी गुणगुणत गाडी चालवत. मला राग आला. वाटलं, म्हातारी झाले म्हणून यांना माझी किंमत उरली नाही. मग मी हट्टाला पेटले. वळणावर जिथे थोडं ओरडून भागलं असतं, तिथे मी जीव खाऊन ओरडायचे. आज हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एकदा लहुराबीरच्या चौकात मी अशी ओरडले की रिक्षावाले मागे वळून बघायला लागले. अंतराचा हात आपसूक कानाकडे गेला. तिने तो झटकन खाली घेतला. ताईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय झालं गं?"

"काही नाही, ताई."

ताई पुन्हा गुणगुणायला लागल्या. सूर अगदी चोख. माणसांचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, हॉर्न ऐकू येत होते, ट्रकची घरघर ऐकू येत होती. फक्त वरचं, बारीक, उंच काहीच पोचत नव्हतं. आणि ज्या कानाने स्क्रूचा निषाद धरला, त्याला हे कळलेलं नव्हतं. की कळलं होतं आणि मान्य नव्हतं? ते मी आजही सांगू शकत नाही. मला मात्र त्या चौकात कळलं, आणि गेले दोन महिने मी कुणावर रुसून बसले होते ते आठवून लाज वाटली.

तिथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ताईंना वाटायला लागलं की तंबोरा बिघडला. तार छेडली की तिच्यातून जो बारीक झंकार उठतो ना, त्याला जवारी म्हणतात. तो त्यांना ऐकू येईना. लहुराबीरला विश्वजीतबाबूंचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे, अगदी रस्त्यावर. ताईंनी मला दाराशी लावलं. विश्वजीतबाबूंनी तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासली, तारेखाली दोरा सरकवला आणि तार छेडली. झंकार माझ्या काचेपर्यंत आला. ताई म्हणाल्या, "तार बोल ही नहीं रही. पंद्रह दिन बाद फिर लाऊँगी." पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी दुकानात चार माणसं होती. त्यांच्यासमोर ताई बोलल्या, "विश्वजीतबाबू, अब आपके हाथ गए."

सत्तर वर्षांचा माणूस. त्याने मान खाली घातली आणि "जी दीदी" म्हणाला.

मग पाळी आली अंतराची. कार्तिकात अहिल्याबाई घाटावर सकाळची मैफल असते. यंदा पहिल्यांदा तिला गायला बोलावलं होतं. गावाहून आजी येणार होती, साडी ठरली होती, हे सगळं ती माझ्यात बसून फोनवर सांगायची. एका शुक्रवारी वर्गातून परतताना ताई म्हणाल्या, "अंतरा, तंबोरा बोलत नाही हे तुला कळतच नाही. परवा विचारलं तर म्हणालीस छान लागलाय. हा कान घेऊन घाटावर बसशील तर मी कुणाला तोंड दाखवू? यंदा नाही. मी त्यांना कळवते."

अंतरा खिडकीबाहेर बघत रडली. तिचं मुसमुसणंही ताईंना कळलं नाही, तेही त्यांच्या कानाच्या पलीकडचं असेल. मला सगळं माहीत होतं. पण मला ओरडता येतं, सांगता येत नाही.

मैफलीला पाच दिवस राहिले तेव्हा माझा बॅटरीचा लाल दिवा लागला. पट्टा इतका घसरत होता की बॅटरी भरेना. कानाला नाही कळलं ते डोळ्याला दिसलं. तंबोरा तिसऱ्यांदा विश्वजीतबाबूंकडे न्यायला निघालेल्या ताई तशाच लहरताऱ्याला वळल्या.

सुशांतने मला लांबूनच ओळखलं. "अरे दीदी, ये तो बहुत चिल्ला रही है."

"हाँ, थोड़ा-थोड़ा," ताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या.

त्याने बॉनेट उघडलं. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावली. मान हलवली, बेअरिंग ठीक होतं. मग त्याने पाण्याची बाटली घेतली. पाणी पडल्यावर आवाज थांबला तर दोष पट्ट्याचा, नाही थांबला तर दुसऱ्या कशाचा, असा मिस्त्री लोकांचा सोपा हिशेब. गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्याकडे बघून सुशांत म्हणाला, "अब देखिए. इनके कान से अच्छा कान बनारस में किसका है? दीदी, आप अंदर बैठिए. आवाज बंद हो तो बोलिएगा."

बरोबर आलेली अंतरा खाली उतरली होती. ती बॉनेटजवळ उभी होती. ताई आत एकट्या. समोर माझं उघडं बॉनेट, भिंतीसारखं. त्यापलीकडे ना सुशांतचा चेहरा दिसत होता, ना अंतराचा. वर्षभर ताई चेहरे बघून ऐकत होत्या, आणि नेमका मीच पडदा धरला होता.

सुशांतने पाणी टाकलं. मी गप्प झाले. एकदम, पूर्ण गप्प.

ताई काही बोलल्या नाहीत.

त्याने वाट पाहिली. पाणी उडून गेलं, पट्टा कोरडा झाला, आणि मी पुन्हा ओरडायला लागले. मी स्वतःला आवरायचा किती प्रयत्न केला ते माझं मला माहीत. नाही आवरलं. सगळं गॅरेज त्या आवाजाने भरलं होतं, आणि आतून ताई मोठ्याने म्हणाल्या, "हाँ सुशांत, अब बंद हुआ."

बाटली सुशांतच्या हातात तशीच राहिली. गिऱ्हाइकांपैकी एक जण हसला. सुशांतने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर निघून गेला. मग सुशांत हाक मारून म्हणाला, "बिल्कुल सही, दीदी. बेल्ट का ही दोष है." दोष खरंच पट्ट्याचा होता. तो गुळगुळीत झाला होता आणि भेगाळला होता. त्याने पट्टा बदलला, पुली सरळ केली. ताईंकडे बघितलं नाही.

हे असंच झाकून गेलं असतं. सगळ्यांची तयारी होती. पण अंतरा आत येऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं.

"ताई, तुम्ही बंद हुआ म्हणालात ना, तेव्हा आवाज चालू होता."

ताईंनी मागच्या सीटवरच्या गवसणीकडे पाहिलं. म्हणाल्या, "आणि तंबोरा?"

"जवारी छान आहे, ताई. पहिल्यांदा आणला तेव्हाही छानच होती."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्हाला कसं सांगायचं ते कळलं नाही."

ताईंनी पदर तोंडावर घेतला. माझ्या सीटवर आजवर त्या कधी रडल्या नव्हत्या. यजमान गेले तेव्हाही नाही. मी नव्या पट्ट्यावर बिनआवाज चालत होते, आणि आता तरी थोडा आवाज व्हावा, त्यांचं रडणं झाकलं जावं, असं मला वाटत होतं. तेही मला जमलं नाही.

तिथून त्या सरळ लहुराबीरला गेल्या. विश्वजीतबाबूंच्या दुकानात याही वेळी माणसं होती. ताई ती जायची वाट बघत थांबल्या नाहीत. "विश्वजीतबाबू, हाथ आपके नहीं, कान मेरे गए हैं. उस दिन सबके सामने कहा था, इसलिए आज भी सबके सामने कह रही हूँ." म्हाताऱ्याने गल्ल्यामागून उठून त्यांच्यासाठी स्टूल पुसलं. गाडीत परत आल्यावर ताईंनी मैफलवाल्यांना फोन लावला. म्हणाल्या, अंतरा गाणार, आधी कळवलं ती माझी चूक.

घाट मी पाहिलेला नाही, त्यामुळे मैफल कशी झाली ते मला सांगता येणार नाही. परतताना अंतराची आजी मागे बसली होती, आणि मैदागिन येईपर्यंत ती एकटीच बोलत होती. यावरून काय ते समजा.

आता ताईंना कानाचं यंत्र मिळालंय. त्यातून तंबोरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो म्हणतात, म्हणून निम्मा वेळ ते माझ्या खणात पडलेलं असतं. तंबोरा अंतरा लावते. ताई भोपळ्यावर तळहात ठेवून बसतात आणि विचारतात, "लागला?"

आणि रोज सकाळी मला चालू केल्यावर त्या थांबतात. अंतरा असेल तर तिला, नसेल तर काच खाली करून पानवाल्याला विचारतात, "भैया, ज़रा सुनिए तो, आवाज आ रही है क्या?" पानवाला हातातलं पान ठेवून खरंच ऐकतो. "नहीं माताजी, एकदम चकाचक." मग त्या गिअर टाकतात.

हा पट्टाही कधीतरी झिजेल. तेव्हा मी ओरडेन, मला दुसरं काही येत नाही. तुमच्या घरी असं कुणी असेल, चेहऱ्याकडे बघून ऐकणारं, तर माझ्यासारखं जगासमोर ओरडू नका. शेजारी बसा, दार लावून घ्या आणि सांगा.

ताई, त्या दिवशी तुम्ही बंद हुआ म्हणालात, तेव्हा मला एक क्षण गप्प राहायचं होतं. एकच क्षण. अंतरा म्हणते, बरं झालं गाडी गप्प बसली नाही. मला अजून तसं म्हणता येत नाही.