बाळाचा पहिला दिवस

मित्रांनो, प्रसूतिगृहाच्या कोपऱ्यात घरघरत उभा असलेला जुना फ्रिज म्हणजे मी. माझी घरघर ऐकून येणारे-जाणारे हसतात. हसोत बापडे! माझ्या जिवाला कसला घोर आहे, ते त्यांना कुठे ठाऊक?

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. मोठ्या सिस्टरांनी माझ्या पोटात लसींच्या कुप्या मांडल्या आणि बजावलं, "बेताचं गार ठेव रे बाबा. लस तापली तरी गेली, गोठली तरी गेली." मी ते जिवापाड सांभाळलं. पुढे रंग उडाला, दाराचं रबर सैल झालं. डॉक्टरसाहेब माझ्यात गुपचूप पाण्याची बाटली ठेवू लागले. मोठ्या सिस्टर ती बाहेर काढत आणि साहेब कोमट पाणी मुकाट्याने पीत.

एकदा सकाळी कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई कळा देतच आली. सोबत सासू. गरोदरपणात तिची एकदाही तपासणी झाली नव्हती.

"दिवसभर हातात इस्त्री. दवाखान्यात कधी येणार?" ती म्हणाली.

"आणि गरज काय? मला चार झाली, कुणी रक्त बघितलं नाही," सासूने ठसक्यात सांगितलं.

मुलगी झाली. आईचं रक्त तपासायला गेलं, पण रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. संध्याकाळी सासूने घरी जायची घाई लावली. धाकट्या सिस्टरने माझं दार उघडलं, कुपीला हात लावला आणि ती थबकली.

"दहा बाळांची कुपी एकीसाठी कशी फोडू? रिपोर्ट आला की बघू." दार बंद झालं.

मी कासावीस झालो. आईच्या रक्तात 'हिपॅटायटिस बी' ही कावीळ असली, तर ती जन्मतानाच बाळाला लागू शकते आणि मग आतल्या आत यकृत पोखरते. पहिल्याच दिवशी दिलेली लस तिला अडवते. लस माझ्या पोटात, बाळ हाकेच्या अंतरावर, आणि मला ना हात, ना तोंड! नुसता थरथरत राहिलो. सासू तर बाळाला गुंडाळूही लागली.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. "लस दिली?"

"रिपोर्ट उद्या येईल ना..."

"रिपोर्ट उद्या येईल. बाळाचा पहिला दिवस उद्या परत येईल का? आईच्या रक्तात कावीळ असली तर? फोड कुपी!"

सासू आडवी आली. "अहो, सुनेचे डोळे बघा. कुठे पिवळे आहेत? आम्हाला काय कावीळ कळत नाही?"

"ही दिसत नाही, आजी. धडधाकट बाईच्या रक्तातही लपून बसते."

सून उठून बसली. तिने बाळ स्वतःकडे घेतलं. "द्या सिस्टर."

बाळ किंचाळलं. ते रडणं मला फार गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. कावीळ होती. निरोप जाताच सून बाळाला घेऊन तातडीने आली. बाळाला कावीळ रोखणारं आणखी एक इंजेक्शन मिळालं, पुढे लसीचे राहिलेले डोसही झाले. पण बाळाचं रक्त तपासून होईपर्यंत मला चैन नव्हतं. ते निर्मळ निघालं.

परवा तीच सासू आली. नात कडेवर आणि पुतण्याची बायको हाताला धरलेली. तिला नुकतेच दिवस गेले होते.

"सिस्टर, हिचं रक्त आधी बघा. पुन्हा तसा जीव टांगणीला नको."

आता माझ्या जागी नवा फ्रिज येणार आहे. मला खुशाल भंगारात काढा. पण मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी कुणाला बाळ होणार असेल, तर तिला विचारा, "रक्त तपासलंस का?" लस आम्ही सांभाळून ठेवू. पण तिच्या दारापर्यंत आम्हाला चालत येता येत नाही.