सूयुएकाकूंची चित्रातली खोली

मी एक खोली बोलतेय. पण मला हात लावायला जाल, तर बोट काचेवर आपटेल. मला विटा नाहीत, सिमेंट नाही. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर जन्मले आणि अजूनही तिथेच राहते.

च्याई शहरात स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजच्या वर चीयिंगचं छोटंसं ऑफिस आहे. लोकांच्या नव्या घरांच्या खोल्या ती आधी चित्रात सजवून दाखवते. खरं घर सिमेंटच्या धुळीत असतं, तेव्हा चित्रातल्या घरात पडदे लागलेले असतात, फळांच्या बशीवर ऊनसुद्धा पडलेलं असतं. लोक बघतात, हरखतात, मग हळूच विचारतात, "सोफा जरा इकडे सरकवला तर?" सोफा सरकतो. कुणाची कंबर दुखत नाही.

मला चीयिंगने लाय वानफू आणि त्याची बायको सूयुए यांच्यासाठी घडवलं. दोघांचं सोयाबीनच्या दुधाचं आणि तिळाच्या रोट्यांचं दुकान होतं. उभं आयुष्य पहाटेच्या आधी उठून भट्टी पेटवण्यात गेलं. आता दुकान दुसऱ्याला देऊन त्यांनी उंच इमारतीत एक फ्लॅट घेतला होता. त्यात मी पाहुण्यांची खोली. म्हणजे मुलाची. मुलगा दूर नोकरीला, नव्या वर्षाच्या सणाला तेवढा यायचा.

पहिल्या दिवशी दोघं सगळ्या खोल्या बघून गेले. वानफूकाका बोलत होते, "एवढं पांढरं स्वयंपाकघर? इथे तेल उडालं की हिचं तोंड बघा मग!" सूयुएकाकू हसल्या. माझं चित्र आलं, तेव्हा मात्र त्या नुसत्या बघत राहिल्या. काका म्हणाले, "हं, पुढची." चीयिंगने पुढची खोली दाखवली.

दोन-तीन दिवसांनी काकू एकट्या आल्या. पेरूंची पिशवी टेबलावर ठेवली आणि पिशवीकडेच बघत म्हणाल्या, "ती पाहुण्यांची खोली… माझी करता येईल का?"

"तुमची म्हणजे दोघांची मोठी खोली आहे ना, काकू?"

"ती आहे. ही माझी एकटीची. एकच पलंग. आणि दाराला आतून कडी."

चीयिंगने माउसवरचा हात काढला. काकू सांगत गेल्या. लग्न होऊन आल्या, तेव्हा दुकानाच्या मागे झोपायची जागा होती आणि तिला दार नव्हतं, पडदा होता. पडद्यापलीकडे सासूबाई. मग मूल झालं. सासूबाई गेल्या, तर त्या जागी सोयाबीनची पोती आली. "नवरा वाईट नाही गं. एक शब्द टाकून बोलला नाही कधी. पण दार लावून बसणं म्हणजे काय असतं, ते मला माहीतच नाही."

"खोलीत काय काय हवं?"

"खिडकीशी एक टेबल."

"टेबलावर? दिवा, पुस्तकं, फुलदाणी?"

"काही नको. आधी रिकामं बघू दे."

मग भिंतीचा रंग. चीयिंग बोट दाबायची आणि मी हिरवी व्हायचे, राखाडी व्हायचे, मोतिया व्हायचे. काकू प्रत्येक रंगाला नकाराची मान हलवायच्या. शेवटी म्हणाल्या, "आपल्याकडची अळकुडी उकडून फोडली की आत असतो ना, तो फिकट जांभळा." तो रंग मिळाला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

"काकांना माहीत आहे हे?" चीयिंगने विचारलं.

"चित्र झालं की कळेल. तोंडाने सांगायला गेले की माझे शब्द मध्येच संपतात. ते बोलायला लागतात आणि मी ऐकायला."

अशी मी काकूंचा निरोप पोचवायला उभी राहिले. त्यापूर्वी माझ्यावर एवढी जबाबदारी कुणी टाकली नव्हती.

तो दिवस आला. मोठ्या पडद्यावर मी उघडले. काकांनी डोळे बारीक केले. "पलंग एवढासा का? आपला पोरगा ताडमाड आहे, पाय बाहेर येतील त्याचे."

"ही खोली माझी आहे," काकू म्हणाल्या.

"तुझी म्हणजे आपलीच की."

"नाही हो. माझी."

खाली गॅरेजात कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू होईना. काकांनी विचारलं, "मी घोरतो म्हणून?"

"घोरता. पण त्यासाठी नाही."

"मग कशासाठी? लोक काय म्हणतील, म्हातारपणी वेगळे निघाले म्हणून?"

"लोक आपल्या घरी झोपायला येतात का?"

काका उठले. त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. "असं असेल तर तो फ्लॅटच नको मला," असं म्हणून ते जिना उतरून गेले. काकू बसून राहिल्या. चीयिंगने त्यांच्यासमोर चहा ठेवला. "माझं चुकलं का गं?" त्यांनी विचारलं. चीयिंगने कप त्यांच्याकडे सरकवला. मग काकू बसने घरी गेल्या.

त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. सुतार विचारायचा, चीयिंग म्हणायची, "थांबा जरा." मी बंदच होते. चित्राला वाट बघण्यावाचून काही करता येत नाही.

एका दुपारी काका एकटेच आले. "ती खोली दाखव, पोरी."

चीयिंगने मोठा पडदा सुरू केला नाही. तिने त्यांच्या हातात डोळ्यांवर बांधायचा जाड चष्मा दिला. "हा घाला काका. म्हणजे आत शिरल्यासारखं वाटेल."

आणि ते माझ्यात आले. माझ्यात कुणी पाऊल टाकण्याची ती पहिलीच वेळ. दोन्ही हात पुढे धरून, अंधारात चाचपडावं तसे ते चालत होते. त्यांनी भिंत बघितली. खिडकीपाशी गेले. चीयिंगने खऱ्या फ्लॅटमधून काढलेले पूर्वेचे डोंगर तिथे लावले होते. मग टेबल.

"यावर ती काय करणार?"

"माहीत नाही. काकू म्हणाल्या, आधी रिकामं बघू दे."

काका बराच वेळ टेबलापाशी उभे राहिले. मग खुर्ची बघून टेकायला गेले.

"काका, बसू नका! तिथे खुर्ची नाहीये!"

पण ते बसलेच, थेट फरशीवर. चीयिंग धावली. काकांनी चष्मा काढला नाही. खाली बसल्या बसल्याच मान वळवून दाराकडे बघत म्हणाले, "आमच्या तिथे पडदा होता. रंग उडून त्याचा रंग कुठला, तेही कळत नव्हतं. मी रोज तो बाजूला करून आत-बाहेर करायचो. तिला तो नको असेल, हे डोक्यातच आलं नाही."

चीयिंग शेजारी फरशीवरच बसली. "तुमच्या खोलीत काय हवं, काका?"

"मला?" ते विचारात पडले. "मला कुणी विचारलंच नाही कधी."

"मी विचारतेय."

"रेडिओ," ते शेवटी म्हणाले. "मोठ्या आवाजात. ती सारखी कमी करायला लावते." मग चष्मा काढून उठता उठता म्हणाले, "आणि हे बघ, तिच्या दाराची ती कडी फारच नाजूक दिसते. चांगली भक्कम लाव."

पुढचं काम सुतारांचं, रंगाऱ्यांचं. घर झाल्यावर चीयिंग मला टॅबमध्ये घेऊन तिकडे गेली. दार बंद होतं. काका हातात गरम, गोड तोफूचे दोन वाडगे घेऊन बाहेर उभे होते. "टकटक करायची असते, शिकलोय मी," असं चीयिंगला सांगून त्यांनी कोपराने दार ठोठावलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"आता या घरात आणखी कोण आहे, बाई?"

आतून हसू ऐकू आलं. "थांबा, जरा वेळ लागेल."

"काका, मी नंतर येऊ का?" चीयिंगने हळूच विचारलं.

"नको गं. वेळ लागेल म्हणाली ना? लागू दे." वाडगे गार होत होते. त्यांचा चेहरा मात्र मजेत होता.

काकूंनी दार उघडून दोघांनाही आत घेतलं. मी त्या खऱ्या खोलीकडे बघितलं. तिचा रंग माझ्याहून गडद होता, पलंगावरची चादर चुरगळलेली होती, खुर्चीवर ओला टॉवेल होता. काकूंनी टॅब हातात घेऊन मला न्याहाळलं. "ही फारच नीटनेटकी आहे बाई!"

"काम झालं, आता पुसून टाकू का हिला?" चीयिंगने विचारलं.

मी काकूंच्या तोंडाकडे बघितलं.

"नको, राहू दे," काकू म्हणाल्या. "आणखी कुणाला तोंडाने सांगता येत नसेल, तर दाखव तिला."

म्हणून मी अजून आहे. नवं घर घेणारं जोडपं येतं. एकजण बोलत असतो, दुसरी नुसती मान हलवत असते. तेव्हा चीयिंग मला उघडते आणि मान हलवणाऱ्या बाईकडे वळून म्हणते, "ही एका काकूंची खोली. तुम्हाला कशी हवी?"

उत्तर लगेच येत नाही. नवरा तोंड उघडतो, तेव्हा चीयिंग हाताने त्याला थांबवते. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी अशी वेळ आली, तर तुम्हीही थोडं थांबा.