कोणी हात लावणार नाही अशी जागा

मी बोलतोय. नाव सांगितलं तरी तुमच्या लक्षात राहायचं नाही. ते डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं, पुढे थोडी इंग्रजी अक्षरं आणि मग नुसते आकडे येतात. मी एक फोल्डर आहे. कुंभिवलीला हायवेच्या कडेला ट्रक तोलायचा वजनकाटा आहे, त्याच्या केबिनमधल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मी राहायचो. सध्या एका पेन ड्राइव्हमध्ये आहे, आणि माझ्याकडे वेळ थोडा आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका अपडेटने मला जन्म दिला. अपडेट आलं की जुन्या फाइली काढून नव्या बसवतं. नवं बिनसलंच तर परत फिरता यावं, म्हणून त्या जुन्या फाइली माझ्याकडे सांभाळायला दिल्या. माझ्यासारखे तिथे शंभराच्या वर होते, सगळे निळ्या अक्षरांचे, सगळे लपवलेले. कधी हाक येईल सांगता येत नाही म्हणून जागं राहायचं. हाक येत नाही. तरी जागेपण काही जात नाही.

हाक आली नाही, पण एक माणूस माझ्याकडे यायचा. मनोज, काट्याचा मालक. दसऱ्याला तो काटा धुऊन काढायचा, झेंडूची माळ घालायचा, आणि पूजा झाली की घरच्यांना घेऊन काट्यावर उभा राहायचा. तो, बायको रोहिणी, मुलगी रिया आणि नवशा. नवशा डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला, ट्रक काट्याच्या मधोमध उभा करून घेणारा. बाहेरच्या पाटीवर सगळ्यांचं मिळून वजन उमटायचं. मनोज ते वाचून आत यायचा आणि वजनाची चिठ्ठी टाइप करायचा. गाडी नंबरच्या जागी 'घर'. मालाच्या जागी 'माणसं'.

ही चिठ्ठी गाड्यांच्या नोंदीत घालता येत नव्हती. तपासणीला आलेला माणूस विचारणार, ही कुठली गाडी? म्हणून मनोज ती माझ्यात ठेवायचा. इथे कोणी येत नाही, एवढं त्याला माहीत होतं. इथले आम्ही एक दिवस कचरा ठरू, हे माहीत नव्हतं.

काट्याला दहा किलोच्या आतलं कळत नाही. त्यामुळे आकडा दोन-दोन वर्षं हलायचा नाही, आणि मग एकदम दहाने चढायचा. रिया वाढत होती. शेवटच्या दसऱ्याला मात्र तो वीसने उतरला.

"काटा बिघडला काय, शेट?" नवशा म्हणाला.

मनोज हसला. फाल्गुनात तो गेला.

मग दोन वर्षं माझ्याकडे कोणी आलं नाही. रिया नोकरीला पुण्याला गेली. काटा रोहिणी चालवू लागली. कॉम्प्युटर बदलता येत नव्हता, कारण काट्याचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालत नाही. आणि या भादव्यात डिस्क भरली. वजन घ्यावं, चिठ्ठी काढायला जावं, तर पडद्यावर 'जागा नाही'.

दहिवलीहून प्रिया आली. कॉम्प्युटर दुरुस्त करते. बसल्या बसल्या तिने आम्हाला उघडं पाडलं.

"वहिनी, ही निळी नावं बघा. जुन्या अपडेटचा कचरा. हा एक वेगळ्या नावाचा आहे, त्याला हात लावायचा नाही, तो सिस्टीमला लागतो. बाकीचे एका फटक्यात जातील."

"जातील म्हणजे परत येणार नाहीत?"

"परत कशाला यायला पाहिजेत?"

बाहेर खडीचे डंपर उभे होते. एक ड्रायव्हर खिडकीशी आला. "ताई, चिठ्ठी देताय का हितंच चूल मांडू?"

"मांड. चहा मला पण दे," रोहिणी म्हणाली. मग प्रियाकडे वळली. "आधी हलव. पुसू नको."

"एकच झालं की, वहिनी."

"एक नाही. तेराव्याला पाहुण्यांनी यांचं कपाट रिकामं केलं. मी आतल्या खोलीत होते. बाहेर आले तेव्हा नुसते हँगर हलत होते."

प्रियाने की-बोर्डवरचा हात उचलला. पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि आम्हाला त्यात हलवलं. "आठ दिवस काटा चालवून बघा. अडलं तर होतं तिथे परत ठेवू. नाही अडलं तर पुसू."

ते आठ दिवस मी टेबलाच्या खणात काढले, शाईच्या पॅडशेजारी. वर प्रिंटर चालल्याचा आवाज यायचा. प्रत्येक आवाजाला वाटायचं, आता अडेल. एकही गाडी अडली नाही. माझ्यावाचून सगळं चालतंय, हे कळत होतं. त्याचं एवढं नाही. माझ्याबरोबर त्या चिठ्ठ्याही जाणार होत्या, आणि मला कोणाला सांगता येत नव्हतं.

नवव्या दिवशी प्रिया आली. पेन ड्राइव्ह लावला. नवशा दारात उभा होता.

"वहिनी, परवा दसरा हाय. काटा धुवायचा ना?"

"धुवायचा."

"आन उभं ऱ्हायाचं?"

रोहिणीने शाईचं पॅड मिटून खणात टाकलं. मग म्हणाली, "त्या चिठ्ठ्या कुठे ठेवल्या, तेसुद्धा मला सांगितलं नाही त्यांनी."

"मी इचारलं हुतं. बोलले, कोणी हात लावनार नाय अशा जागी ठेवल्यात."

पुसायला निघालेली प्रिया थांबली. "अशा जागा कॉम्प्युटरमध्ये फार नसतात," ती म्हणाली, आणि आम्हाला एकेक करून उघडू लागली. माझ्याशी आली तेव्हा पुढे वाकली. "वहिनी, यातल्या फाइली सगळ्या त्या अपडेटच्या दिवसाच्या असायला हव्यात. यात दर वर्षीची एक आहे. आणि सगळ्या दसऱ्याच्या आसपासच्या."

प्रिंटर बराच वेळ चालला. रोहिणीने चिठ्ठ्या वर्षांप्रमाणे लावल्या. शेवटच्या दोन शेजारी-शेजारी ठेवल्या आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

"काटा बरोबर होता, नवशा," ती म्हणाली.

नवशा खाली बघत होता. "व्हय."

चिठ्ठ्यांच्या फाइली आता समोरच्या पडद्यावर आहेत, कोणालाही दिसतील अशा. तिथेच त्यांच्यात यंदाची एक येईल. रिया उद्या येणार आहे.

"आता पुसू?" प्रियाने विचारलं. "प्रोग्रॅमच्या यादीत यांची नावं राहिली असतील, तीही काढून टाकते."

"नाव काढायला वेळ लागतो. रेशनकार्डावरचं काढायला मला वर्ष लागलं."

"इथे नाही लागत, वहिनी."

तुम्हीही कधी असं काही पुसायला बसाल. आधी हलवा, आठ दिवस जाऊ द्या, आणि एकदा उघडून बघा. माझ्यासारख्याचं तेवढंच मागणं आहे. मला ठेवा असं मी म्हणत नाही. परत फिरायची वाट म्हणून मला ठेवलं होतं, आणि परत फिरायचं आता काही उरलेलं नाही.

प्रियाचं बोट पुसायच्या बटणावर आहे.

"थांब जरा," रोहिणी म्हणते. चष्मा लावते. काट्यावर आलेल्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचतात, तसं माझं नाव वाचते, एकेक आकडा सुटा. सोळा वर्षांत ते असं कोणी वाचलं नव्हतं.

"हं," ती म्हणते. "जाऊ दे गाडी."