शनिवारचं इंजिन

कल्याणच्या पिकअपला दुसरं इंजिन बसवलं, पण ते दारात आलं शनिवारी. शनिवारी लोखंड आणू नये, हे तिसगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे गाडी सुरू होईना तेव्हा गावाला वेगळं कारण शोधावंच लागलं नाही.

चावी फिरवली की स्टार्टर कण्हायचा, अर्धा वेढा घ्यायचा आणि बसायचा. कानिफनाथ मिस्त्रीनं बॅटरी बदलली, फ्यूज पाहिले, स्टार्टर काढून थेट बॅटरीला जोडला. खाली तो भिंगरीसारखा फिरला. वर चढवला की पुन्हा कण्हणं.

"जागा मानवंना त्याला," मिस्त्री म्हणाला. इंजिन त्यानंच बसवलं होतं. आपल्या हातची चूक माणूस सगळ्यात शेवटी तपासतो.

कल्याण मात्र रडकुंडीला आला होता. "कानिफदादा, करंजीला दुधाचे कॅन भरून ठिवल्यात. आज गाडी घाट चढून नगरला न्हाई गेली, तर दुधाची लाइन हातातनं गेली समजा."

तेवढ्यात त्याची आई, मालनबाई, शिंगणापूरच्या वारीतून उरलेल्या तेलाची बाटली घेऊन आली आणि बॉनेटखाली वाकली.

"आई, इंजिनावर कशाला?"

"तू गप ऱ्हा. तुज्या मिस्त्रीनं इतकं तेल वतलं, त्याला इचारलं का कुनी?"

मिस्त्रीसुद्धा हसला. कल्याणनं चावी फिरवली आणि दाबूनच धरली. इंजिनाच्या मागच्या अंगानं धुराची बारीक रेघ वर आली.

"बगा! घेतलं देवानं." मालनबाईनं हात जोडले.

वास काही तिळाच्या तेलाचा नव्हता. मी म्हटलं, "काकू, तेलाला रबराचा वास येतोय."

"भेसळीचं आसंल. तुमच्याच दुकानातलं हाय."

सगळे खदखदून हसले. त्या हशात धुराकडे बघायचं राहिलं. कल्याणनं आणखी दोनदा चावी मारली, दोन्ही वेळा धूर वाढला, आणि प्रत्येक धुराला एक नमस्कार जमा झाला.

शेवटी धक्का मारायचं ठरलं. चार जणांनी गाडी उतारावर लोटली, कल्याणनं क्लच सोडला, आणि इंजिन एकदम धडधडलं. श्रेय मालनबाईच्या नावे पडलं. तिनं धावत जाऊन खिडकीतून मुलाच्या कपाळाला अंगारा लावला.

"शिवेच्या भाईर जाईस्तोवर मागं वळून बगू न्हाई. कुनी हाक मारली तरी थांबू न्हाई." बोलता बोलता तिनं दोन्ही बाजूचे आरसे आत दुमडले. आरशात बघणं म्हणजे मागं बघणंच. मोबाईलही काढून घेतला. कल्याणनं मान डोलावली आणि गाडी करंजीच्या दिशेनं निघाली.

मिस्त्री घाम पुसत दारात काढून ठेवलेल्या जुन्या इंजिनावर टेकला आणि तसाच ताडकन उठला. बॉडी आणि इंजिन जोडणारी, स्टार्टरचा करंट बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची जाड पट्टी त्या जुन्या इंजिनालाच लटकत होती. नव्याला ती लावलीच नव्हती.

"आयला! मंग करंट परत जातोय कुठून?" त्यानं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर सुचलं तसा त्याचा चेहरा उतरला. "क्लचच्या वायरमदनं. तीच तापतीय. डिझेलच्या पायपाला खेटून गेलीय ती."

"अन् आता सुरू झाली की गाडी?" मी म्हटलं.

"म्हनून तर! चालू हाय तंवर बॅटरी भरतीय, वायर तापतीच हाय. अन् घाटात क्लच तुटला तर..."

त्यानं घाईनं कल्याणला फोन लावला. फोन मालनबाईच्या मुठीत वाजला. तिनं तो पदराखाली दाबला.

"काकू, पोराचा जीव जाईल!"

"आसंच बोलून थांबवत्यात म्हनं. ठावं हाय मला."

मिस्त्रीनं माझी मोटरसायकल ओढली, हॉर्नवर अंगठा ठेवला आणि सुसाट सुटला. पिकअप अजून नजरेच्या टप्प्यात होती. हॉर्न कल्याणला ऐकू गेला असावा, कारण त्यानं वेग वाढवला. मिस्त्री हात हलवत ओरडत होता, आणि जितका तो ओरडे तितकी गाडी पुढं पळे.

मालनबाई डोळ्यांवर आडवा हात धरून दोघांकडे बघत होती.

"लागली पीडा मागं," ती समाधानानं म्हणाली. "पन वळायचा न्हाई. लई गुनाचा हाय."