शिट्टी नसलेल्या कुकरची चवानमुशी

मित्रांनो, मी बजाजनगरातल्या रामकिसन आबांच्या घरचा जुना कुकर आहे. माझी शिट्टी हरवून सहा वर्षं झाली, पण कान शाबूत आहेत आणि चौकसपणा जन्माचाच.

आबांच्या बायकोनं, केसरबाईंनी मला गुलमंडीच्या बाजारातून हौसेनं आणलं. तीन शिट्ट्यांत तुरीची डाळ अशी शिजवायचो की पळीनं घोटायची गरज नसे. शेजारच्या बायका माझ्या शिट्टीवर पोरांना शाळेत पिटाळायच्या. पुढं शिट्टी हरवली, रबर सैल झालं, नवा कुकर आला. माझ्यात लसूण भरून मला माळ्यावर टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा आबांचे उरलेसुरले दात काढले. कवळीला दोन महिने होते. भाकरी-ठेच्याचा माणूस पेज आणि खिरीला इतका विटला की वाटी दिसताच तोंड फिरवू लागला. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. केसरबाई काळजीनं अर्ध्या झाल्या.

नात प्रेरणा जपानी भाषेच्या क्लासला जाते. तिथं तिला चवानमुशी कळली. चहाच्या कपात वाफवलेलं खारं, लुसलुशीत अंडं. दातांचं कामच नाही. अंड्याच्या तिप्पट मशरूम भिजवलेलं पाणी, सोया सॉसचे चार थेंब, फेस न येऊ देता ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. इथवर सगळं नीट झालं. मग तिनं कप नव्या कुकरात ठेवले आणि घरच्या सवयीनं तीन शिट्ट्या केल्या! निघालं ते भोकाभोकांचं, चिवट.

"पोरी, ह्याला तर दात लागतेत," म्हणून आबांनी चमचा खाली ठेवला.

"आजी, तो बिनशिट्टीचा कुकर कुठंय?" प्रेरणानं विचारलं. मी लसणासकट दचकलो.

या खेपेला कप माझ्यात ठेवले. शिट्टी नाही, म्हणून वाफेचा दाब नाही. आचही बारीक होती, पण माझ्या झाकणाचं पाणी टपटप गळून कपात तळं साचलं. मी ओशाळलो. तेवढ्यात केसरबाई पुढं आल्या.

"अगं, दिव्याच्या आवसंला कणकेचे दिवे वाफवताना मी झाकणाला फडकं बांधते, ते काय उगंच?"

त्यांनी फडकं बांधलं, कडेला चमचा अडकवून फट ठेवली. गॅस इतका बारीक केला की मला वाटलं, बंदच झाला. आयुष्यभर खदखदलेलो मी. एवढ्या शांततेत आत काय होतंय, याची मलाच उत्सुकता लागली. पंधरा मिनिटांनी कप हलवला, तर मधोमध नुसतं थरथरलं.

आबांनी चमचा तोंडात घातला. सगळे त्यांच्याकडं बघत राहिले.

"लई हलकंय. मीठ बी हाय!" त्यांनी दुसरा कप खरवडून संपवला. मग माझ्याकडं बोट केलं. "ह्याला शिट्टी नाय, मला दात नाय. जमलं की आमचं!"

केसरबाई हसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या.

मागच्या आठवड्यात कवळी आली. भाकरी सुरू झाली. मी मनातल्या मनात माळ्यावर जायची तयारी केली. पण रविवारी आबांनीच हाक मारली, "प्रेरणा, ते कपातलं कवा करतीस?"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी न जेवता उठत असेल, तर रागावू नका. त्याला काय खाता येतं, ते शोधा. आणि त्याआधी एकदा माळ्यावर बघून या.