पुलावर थांबलेली गाडी

डोंगरातल्या नव्या पुलावर पहिली गाडी उभी राहिली, तेव्हा समोरच्या टेकाडावर फोटोवालीनं पांढरं कापड उंच धरलं होतं. कापड वर असेपर्यंत गाडीनं जागचं हलायचं नाही, खाली आलं की पुढच्या बोगद्यात शिरायचं, असं ठरलं होतं. त्या काळी फोटो औषध लावलेल्या ओल्या काचेवर घेत, आणि चित्र उमटायला वेळ लागे. गाडी तसूभर हलली तरी सगळं मुसळ केरात. इंजिनावर तिचा धाकटा भाऊ होता. इथून तो बोटाएवढा दिसत होता.

"आटपा बाई," शेजारचे इंजिनिअर साहेब म्हणाले. "चुना अजून पुरता सुकलेला नाही. गाडीनं पुलावरून जावं, मुक्काम ठोकू नये."

तिनं भिंगावर टोपण घातलं. कापड खाली घेणार, तोच तिची नजर बोगद्याच्या माथ्यावरच्या झाडाकडे गेली. सकाळपासून तिनं ते चौकटीच्या कडेला धरलं होतं, सरळसोट. आता ते पुढं झुकलं होतं.

"साहेब, ते झाड कललंय."

"वारा असेल."

"मग इंजिनाचा धूर का हलत नाही?"

साहेबांचे डोळे कमानींवरच होते. "पूल मी बांधलाय. उभं वजन किती वेळ पेलेल, ते मलाही ठाऊक नाही. डबे माणसांनी भरलेत. खाली घ्या ते कापड."

इकडे आड, तिकडे विहीर. मागं जायची खूण ठरवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. इंजिनानं शिटी दिली, विचारल्यासारखी. तिनं कापड दोन्ही हातांनी धरलं. साहेबांनी तिचं मनगट पकडलं.

"सोडा. माझा भाऊ आहे तिथं."

झाड हळूच वाकलं, आणि त्याच्यामागून अख्खी दरड बोगद्याच्या तोंडावर कोसळली. धुळीनं पूल गिळला. मग धुळीतून गाडी मागं मागं सरकत बाहेर आली, डबे सगळे जागेवर. पूल टिकला होता. तिचे हात मात्र खाली येईनात. साहेबांनीच ते अलगद खाली आणले.

ओली असतानाच धुवायची ती काच केव्हाच वाळून वाया गेली होती. तिची आठवणही कुणाला झाली नाही.

संध्याकाळी भाऊ तंबूत आला, काजळीनं माखलेला.

"ताई, मला वाटलं तुझा फोटोचा हव्यास काही सुटत नाही. शिव्या घालत होतो तुला."

"कसल्या?"

"आईसमोर देता येणार नाहीत अशा."

ती हसायला लागली, आणि मग तिला हसू आवरेना, रडूही.