सातवी खाच

गोठ्यात आईच्या मागे उरलं ते इतकं: गाय एक, वासरू एक, दावी दोन, चरव्या दोन, त्यातली एक चेपलेली, तीन पायांची तिपाई एक, कासेला लावायच्या तेलाची अर्धी बाटली, खुंटीवर आईची करडी शाल, आणि आठ खाचांची एक काठी.

मुलीने हे दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं ते भावजय दारात येऊन उभी राहिली म्हणून.

काठी आईनेच कोरलेली. धार काढून झाली की ती चरवीत उभी बुडवायची. एक खाच म्हणजे अर्धा लिटर. आईच्या हाताला तांबडी रोज सकाळी सातव्या खाचेपर्यंत दूध द्यायची. आईला जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि चौथ्या खाचेच्या वर काठी ओली होत नव्हती.

"चारच?" मुलगी म्हणाली.

"मला चार तरी देते, वन्सं. तुमच्या भावाला नुसतं बघितलं तरी पाय झाडते."

"माझ्या आईने वाढवलेली गाय आहे. तिला परका हात कळतो."

"बारा वर्षं तिचं शेण काढणारा हात परका का?"

भाऊ बाहेर दातात काडी धरून ऐकत होता. तो आत आला. "ताई, तू म्हणतेस गाय मी नेते. ही म्हणते सोडणार नाही. तोवर गाय आटून जाईल. तीन दिवस बघू. जिच्या हाताला दूध जास्त, गाय तिची. दोघींना जमलं नाही तर बाजारात नेऊन विकतो. माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल."

मुलीला गायीपेक्षा वेगळंच काही न्यायचं होतं. आई तिच्या घरी राहायला यायची ती मोजून दोन रात्री. तिसऱ्या सकाळी पिशवी भरलेली. थांब म्हटलं की म्हणायची, "घरी सून एकटी आहे गं." हे वाक्य मुलीने बारा वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की भावजयीची साधी चाहूल लागली तरी तिचा तिळपापड व्हायचा. आणि ही बया आता सगळ्यांदेखत 'आमची आई, आमची आई' करत होती. सासू होती तिची, सासू!

पहिल्या दिवशी मुलगी आईची शाल पांघरून तिपाईवर बसली. वासराला चार घोट पाजून बाजूला बांधलं, हाताला तेल लावलं.

"आत्या," भावाची धाकटी पोर म्हणाली, "आजी त्या बाजूला बसायची."

मुलगी दातओठ खात उठली आणि पलीकडे जाऊन बसली. गायीच्या पोटाला डोकं टेकलं आणि तिला रडूच फुटलं. तांबडी दचकली. चरवी एकीकडे, तिपाई एकीकडे आणि मुलगी शेणात. काठी बुडवायला दूधच उरलं नाही.

"आईंनी कधी तिच्यासमोर आवाज चढवला नाही," भावजय म्हणाली. तिने हसू दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी मुकाट्याने बसली. पहिली खाचही धड बुडली नाही. नंतर भावजय बसली, गायीच्या पोटाला गाल लावून काहीतरी पुटपुटत राहिली, आणि चार खाचा भरून उठली.

काय पुटपुटते ही? मुलीला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी उजाडताच ती चाऱ्याच्या गंजीमागे जाऊन उभी राहिली.

भावजय आली, बसली आणि दात आवळून, धडा म्हणावा तशी सुरू झाली: "आमची पोर सहा वर्षांची असताना टाकीत पडली. बाहेर काढली तर मुठीत पाच दगड तसेच. रडली नाही, म्हणाली, माझे दगड मोजा..."

मुलगी गंजीमागून बाहेर आली. "हे माझं आहे! तुला कुणी सांगितलं?"

"आवाज खाली," भावजय तशीच पुटपुटत म्हणाली. "पान्हा चोरेल ती. कुणी म्हणजे? आई सांगायच्या. मला नाही, गायीला. रोज दोनदा, बारा वर्षं. मी इथे शेणाची पाटी घेऊन उभी, आणि हिच्या कानात तुमचं कौतुक. माझा विषय एकदाही नाही."

"मग माझं कशाला सांगतेस तिला?" मुलगीही हळूच म्हणाली.

"हौस आहे का मला? माझ्या माहेरचं सांगून बघितलं. दोन खाचांवर अडली. तुमचं सांगितलं की चार. जीव जळतो माझा."

मुलीने चेपलेली चरवी पालथी घातली आणि गायीच्या दुसऱ्या अंगाला बसली. चार सडांपैकी अलीकडचे दोन तिने धरले.

"दगड पाच नव्हते. सात होते."

"आई पाचच म्हणायच्या."

"दगड माझे होते."

"सासू माझी होती. दोन रात्रींच्या वर तुमच्याकडे राहिल्या का कधी?"

"तुझ्यापायी! 'सून एकटी आहे, सून एकटी आहे.' माझ्या चुलीपाशी बसून तुझं पुराण लावायची."

भावजयीचा हात थांबला. "काय म्हणायच्या?"

"सांगत नाही. धार काढ."

"सांगा ना, वन्सं."

"म्हणायची, तिची धार माझ्यापेक्षा स्वच्छ."

"खोटं."

"खोटं तर खोटं. मला कुठे आवडत होतं ऐकायला?"

दोघी तशाच, गायीच्या दोन्ही अंगांना गाल लावून, एकमेकींचे हिशोब काढत राहिल्या. आवाज मात्र कुणाचाही चढला नाही. तांबडी रवंथ करत उभी होती, आणि चरवीत धारांवर धारा पडत होत्या.

भाऊ दारात आला. "यातलं कुणाचं किती?"

त्याने काठी घेतली, चरवीत उभी बुडवली आणि उजेडाकडे धरली.

सहावी खाच पूर्ण बुडली होती. सातवी एक बोट वर, कोरडी होती.